‘ध’चा ‘घ’ होतो तेव्हा: बिटमॅप मास्क, अँड आणि ऑर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विसर्जन मिरवणुकीचा मार्ग दाखवणारा प्रकल्प केलाय. मंडईपासून लक्ष्मी रस्त्याने अलका चौकापर्यंतचा नकाशा आणि त्यावर पुढे सरकणारं ढोलाचं छोटं चित्र. ढोल थेट चिकटवला की भोवती काळा चौकोन येतो. एका जुन्या कोडमध्ये त्याला उपाय सापडला: आधी मास्क (कोणता भाग पुसायचा आणि कोणता राखायचा ते सांगणारं काळं-पांढरं चित्र) अँड करा, मग चित्र ऑर करा. ते चाललं. पण स्वतः बनवलेला मास्क लावला तर कडेला ठिपके आणि भलतेच रंग येतात, आणि पायथनमध्ये तयार केलेला मास्क लावला तर सगळा नकाशाच काळा होतो. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत: हे दोन टप्पे का लागतात, माझा मास्क का बिघडतो, आणि पारदर्शकता सांगणारा अल्फा चॅनेल असताना हे शिकायचं कशाला?

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. अँड, ऑर, एक्सऑर या क्रियांना रंग दिसत नाही, आकार दिसत नाही, त्यांना फक्त बिट, म्हणजे ० आणि १, दिसतात. आपण मात्र मास्ककडे चित्र म्हणून बघतो आणि ‘पांढरं’, ‘काळं’, ‘थोडं करडं’ असं बोलतो. त्या दोन नजरांमध्ये जी फट आहे तिथेच सगळ्या चुका होतात.

मला हे पडद्यावर नाही, एलईडीच्या पाटीवर कळलं. वीसेक वर्षांपूर्वी पर्वतीच्या पायथ्याजवळ एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही कंपन्यांच्या कर्मचारी बसवर लावायच्या पाट्या बनवायचो. १६ ओळींची पाटी, एकाच लाल रंगाचे दिवे. दिवा लागला म्हणजे १, विझला म्हणजे ०. प्रत्येक अक्षर शिरोरेषेसकट साठवलं की दोन अक्षरांच्या मध्ये बारीक फट पडायची आणि शब्द तुटक दिसायचा. म्हणून मी अक्षरांचा फक्त खालचा भाग साठवला आणि शिरोरेषा शेवटी एका फटक्यात मारली. वरच्या ओळीतला प्रत्येक बाइट, म्हणजे आठ बिटांचा गट, घ्यायचा आणि २५५ शी ऑर करायचा. २५५ म्हणजे ११११११११. आठही दिवे लागले, रेषा सलग झाली.

कात्रजची पाटी छान आली. मग धनकवडीची लावली, आणि बसच्या काचेमागे झळकलं ‘घनकवडी’. त्याच यादीतल्या भवानी पेठेची ‘मवानी पेठ’ झाली होती. कारण ‘ध’ आणि ‘भ’ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. ती जोडली की ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका ज्या शहरात लहानपणापासून ऐकायची, तिथे एका अक्षराची किंमत वेगळी सांगायला नको. त्या दिवशी सगळ्या पाट्या उतरवून परत आणल्या.

दुरुस्ती करायला बसले तेव्हा आधी मी ‘ध’च्या बिटमॅपमध्ये डावीकडे शून्यं भरून पाहिली. काही फरक पडेना. पडणारच नव्हता, कारण शून्याला ऑर केलं की आधीचा दिवा तसाच राहतो. ऑर फक्त दिवा लावतो, त्याला विझवता येत नाही. विझवायला अँड लागतो. मग ‘ध’साठी त्या ओळीचा वेगळा मास्क केला, ००००११११, म्हणजे १५. शिरोरेषा मारून झाल्यावर २५५ अँड १५ केलं की १५ उरतं: डावीकडचे चार दिवे विझले, उजवीकडचे चार जसेच्या तसे. धनकवडी परत धनकवडी झाली.

तेव्हापासून मी या क्रिया शिकवताना व्याख्या सांगत नाही, दिवे सांगते. अँड विझवतो: जिथे मास्कचा बिट ० तिथे दिवा बंद, जिथे १ तिथे हात लावायचा नाही. ऑर लावतो: जिथे १ तिथे दिवा चालू, जिथे ० तिथे हात लावायचा नाही. एक्सऑर उलटवतो: जिथे १ तिथे लागलेला विझतो आणि विझलेला लागतो, जिथे ० तिथे हात लावायचा नाही. प्रत्येक क्रियेत ‘हात लावायचा नाही’ असा एक बिट आहे, आणि अँडसाठी तो १ आहे, बाकी दोघांसाठी ०. मास्किंगची सगळी कला या ‘हात लावायचा नाही’मध्ये आहे.

आता तुमचा नकाशा घेऊ. एका पिक्सेलचा फक्त लाल चॅनेल, म्हणजे त्यात लाल किती ते ० ते २५५ मध्ये सांगणारा बाइट, बघा. नकाशात त्याची किंमत १८० आहे, म्हणजे १०११०१००. त्या जागी ढोलाच्या चित्रात ९० आहे, म्हणजे ०१०११०१०. मास्क न वापरता दोन्ही ऑर केले तर १११११११०, म्हणजे २५४, जवळजवळ पूर्ण लाल. अँड केले तर ०००१००००, म्हणजे १६, जवळजवळ काळं. आपल्याला हवे होते ९०. दोन्ही उत्तरं निरुपयोगी, कारण दोन्ही चित्रांचे दिवे एकमेकांत मिसळले.

म्हणून दोन टप्पे. रांगोळी घालणाऱ्या कुणालाही विचारा. निळ्या भरलेल्या भागावर पिवळं कमळ हवं असेल तर पिवळा रंग सरळ वर टाकत नाहीत, तो खालच्या निळ्यात मिसळून मळकट होतो. आधी कमळाच्या आकाराची जागा कापडाने पुसून मोकळी करतात, मग पिवळा भरतात. तुळशीबागेत मिळणारा जाळीचा छाप काय करतो? हात कुठे पोहोचेल आणि कुठे नाही, एवढंच तो ठरवतो. मास्क म्हणजे तो छाप.

पहिला टप्पा पुसण्याचा. मास्कमध्ये ढोलाच्या जागी ० आणि बाहेर सगळीकडे २५५. नकाशा अँड मास्क. ढोलाच्या आत: १८० अँड ०, उत्तर ०, जागा मोकळी. बाहेर: १८० अँड २५५, उत्तर १८०, नकाशा शाबूत. दुसरा टप्पा भरण्याचा. ढोलाचं चित्र असं की ढोलाच्या आत खरे रंग आणि बाहेर पूर्ण ०. आता ऑर. आत: ० ऑर ९०, उत्तर ९०. बाहेर: १८० ऑर ०, उत्तर १८०. झालं.

इथे दोन अटी आहेत, आणि जुन्या कोडमध्ये त्या कुणी लिहून ठेवत नाही. मास्क ढोलाच्या बाहेर सगळे-एक असला पाहिजे, आणि चित्र ढोलाच्या बाहेर सगळे-शून्य असलं पाहिजे. तुमच्या चित्राचं बॅकग्राउंड पांढरं असेल तर दुसऱ्या टप्प्यात १८० ऑर २५५ होऊन २५५ येतं आणि ढोलाभोवती पांढरा चौकोन उमटतो. मास्क उलटा असेल, म्हणजे आत पांढरा आणि बाहेर काळा, तर नकाशाच पुसला जातो आणि फक्त ढोलाच्या आकारात उरतो. ही उलटापालट नेहमीची आहे, कारण हल्लीच्या साधनांमध्ये मास्क म्हणजे ‘हवा तो भाग पांढरा’ असा संकेत आहे, आणि विंडोजच्या जुन्या आयकॉनमधला अँड-मास्क बरोबर उलटा, ‘राखायचा तो भाग पांढरा’. कुठलंही कोड उचलताना पहिल्यांदा हे तपासा.

या अटी नको असतील तर एक सूत्र आहे, मला ते फार आवडतं. नकाशा आणि ढोल यांचा एक्सऑर घ्या, तो मास्कशी अँड करा, आणि आलेलं उत्तर परत नकाशाशी एक्सऑर करा. इथे मास्क ढोलाच्या आत २५५, बाहेर ०. बाहेर अँडमुळे ० उरतं आणि नकाशाला शून्याचा एक्सऑर म्हणजे नकाशाच. आत नकाशा, ढोल आणि पुन्हा नकाशा असा एक्सऑर होतो, दोन नकाशे एकमेकांना खातात आणि ढोल उरतो. आकड्यांत: १८० एक्सऑर ९० म्हणजे २३८, आणि २३८ एक्सऑर १८० म्हणजे ९०. ढोलाचं बॅकग्राउंड पांढरं असो, हिरवं असो, फरक पडत नाही. तीन क्रिया, एकही ‘जर-तर’ नाही. तुमच्या प्रकल्पात मी हेच वापरलं असतं.

हे सूत्र नवं नाही आणि त्याचा एक नंबरही आहे: २०२. तो कुठून आला ते सांगते, कारण एकदा कळलं की जुन्या ग्राफिक्सच्या कोडमधले गूढ आकडे आपोआप उलगडतात. तीन गोष्टी आत येतात असं धरा: मास्क, चित्र, खालचा नकाशा. प्रत्येकीचा एकेक बिट, म्हणजे एकूण आठ शक्यता. त्या आठ शक्यतांमध्ये मास्कचा स्तंभ लिहिला तर तो ११११०००० होतो, चित्राचा ११००११००, नकाशाचा १०१०१०१०. आता कुठलंही सूत्र या तीन बाइटवर चालवा. जे उत्तर येईल तोच त्या क्रियेचा नंबर. चित्र अँड नकाशा: १०००१०००, म्हणजे १३६. ऑर: १११०१११०, म्हणजे २३८. एक्सऑर: ०११००११०, म्हणजे १०२. नुसतं चित्र चिकटवणं: २०४. आणि ‘मास्कच्या आत चित्र, बाहेर नकाशा’: ११००१०१०, म्हणजे २०२. कागदावर एकदा स्वतः करून बघा, पाच मिनिटं लागतील. आठ बिटांच्या २५६ जुळण्या, म्हणून अशा क्रियाही २५६, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

विंडोजच्या जीडीआयमध्ये, म्हणजे चित्रं काढणाऱ्या भागात, बिटब्लिटला (चित्राचा तुकडा उचलून दुसरीकडे बसवणाऱ्या क्रियेला) जे रास्टर ऑपरेशनचे कोड द्यावे लागतात त्यांच्या पोटात हेच आकडे आहेत. तिथे मास्कच्या जागी ब्रशचा पॅटर्न असतो, एवढाच फरक. आणि १९८५ साली आलेल्या कमोडोर अमिगा संगणकात ब्लिटर नावाचं वेगळं हार्डवेअरच होतं: तीन चॅनेल आत, एक बाहेर, आणि कुठली क्रिया करायची ते सांगणारा आठ बिटांचा आकडा. पहिल्या चॅनेलला मास्क, दुसऱ्याला चित्र, तिसऱ्याला बॅकग्राउंड दिलं की खेळातलं पात्र पडद्यावर नीट कापून बसवण्याचा आकडा तोच, २०२. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी यंत्रं आणि आकडा एक, कारण तो कुणी ठरवलेला नाही, ट्रूथ टेबलमधून, म्हणजे वरच्या आठ शक्यतांच्या तक्त्यातून, निघतो. या सगळ्याचं मूळ १९७५ सालचं: झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात डॅन इंगल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आल्टो संगणकावर स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी बिटब्लिट लिहिलं.

तेव्हा हे का सुचलं? पडदा काळा-पांढरा होता, एका पिक्सेलला एक बिट. १६ बिटांच्या शब्दावर एक अँड केला की १६ पिक्सेल एकदम मास्क झाले. पिक्सेलगणिक ‘हा आत आहे का बाहेर’ असं विचारत बसलं असतं तर खिडकी सरकवायलाच फार वेळ लागला असता. आजचे प्रोसेसरही तेच करतात. एसएसई२ या प्रोसेसरच्या आज्ञासंचात १६ बाइट एकदम तपासता येतात आणि तुलनेचं उत्तर ‘हो-नाही’ असं न येता जिथे जुळलं तिथे सगळे-एक, नाही जुळलं तिथे सगळे-शून्य असं येतं. म्हणजे उत्तर म्हणून सरळ तयार मास्कच हातात मिळतो, पुढे अँड, ऑर लावायचे.

‘सगळे-एक नाहीतर सगळे-शून्य’ हे शब्द दोनदा वाचा, कारण तुमचा दुसरा प्रश्न इथेच सुटतो.

पायथनमध्ये तयार केलेला मास्क बहुधा खरं-खोटं अशा तुलनेतून आला आणि तुम्ही त्याचे पूर्णांक केले. त्यात २५५ नाही, १ आहे. १ म्हणजे ०००००००१. नकाशाच्या प्रत्येक बाइटमधले सात दिवे विझले, शेवटचा तेवढा राहिला. १८० अँड १ म्हणजे ०, १८१ अँड १ म्हणजे १. अख्ख्या नकाशात ० आणि १ सोडून काही उरलं नाही, डोळ्याला ते काळंच दिसणार. ‘मास्कमध्ये १ म्हणजे चालू’ हे माणसाला पटतं, अँडला नाही पटत. उपाय सोपा: २५५ ने गुणा. सी मध्ये लिहीत असाल तर शून्यातून तो बिट वजा करा. बिनचिन्ही बाइटमध्ये ० वजा १ म्हणजे २५५, आठही बिट एका झटक्यात भरतात.

चित्र काढायच्या साधनात बनवलेला मास्क तुम्ही जेपेग म्हणून साठवला असणार. ठिपके आणि भलते रंग ही त्याचीच खूण. जेपेग डोळ्याला फसवण्यासाठी बनवलेलं आहे आणि ते काम चोख करतं, पण त्यात २५५ चे २५० किंवा २५३ होतात, ० चे ३ होतात, आणि कडेला तर लाटा उठतात. डोळ्याला २५० आणि २५५ दोन्ही पांढरेच. अँडला नाहीत. २५० म्हणजे १११११०१०. त्याने १८० ला अँड केलं की १७६ येतं. हा फरक लहान आहे, तुम्ही म्हणाल चालेल. आता कडेचा करडा पिक्सेल घ्या. मास्क १२८ असेल तर १८० अँड १२८ म्हणजे १२८. मास्क १२७ असेल तर १८० अँड १२७ म्हणजे ५२. एका पायरीचा फरक, जो कुणाच्याही डोळ्याला दिसणार नाही, आणि उत्तर १२८ वरून ५२ वर. कारण १२८ म्हणजे १००००००० आणि १२७ म्हणजे ०१११११११, एकही दिवा सारखा नाही. करडा म्हणजे ‘अर्धा’ हे गणित बिटांच्या जगात नाहीच.

म्हणून मास्क पीएनजी किंवा बीएमपीमध्ये साठवा. साठवण्याआधी कड मऊ करणारा पर्याय, म्हणजे अँटी-अलायझिंग, बंद करा. मास्कचा आकार बदलायचा असेल तर ‘निअरेस्ट’ पद्धतच वापरा, बाकी पद्धती शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतात आणि करडे पिक्सेल परत जन्माला घालतात. आणि वापरण्याआधी एकदा थ्रेशोल्ड लावा: १२८ च्या खाली ते ०, बाकी २५५.

ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी वापरत असाल तर एक बारकावा. तिथल्या बिटवाइज फंक्शनना मास्क वेगळा देता येतो, आणि तो अँड होत नाही. शून्य नसलेली कुठलीही किंमत म्हणजे ‘हो’ असा त्याचा अर्थ घेतला जातो. त्यामुळे १ वाला मास्क तिथे बिनबोभाट चालतो आणि माणूस बेसावध होतो. पण जेपेगमधला ३ सुद्धा तिथे ‘हो’ ठरतो. म्हणजे एकच बिघडलेला मास्क एका वाटेने गेला तर ढोलाच्या आतले रंग खातो आणि दुसऱ्या वाटेने गेला तर ढोलाबाहेर ठिपके सोडतो. दोन्ही बघितल्यावर गोंधळ होणं साहजिक आहे. दोष फंक्शनचा नाही, मास्कमध्ये ० आणि २५५ सोडून तिसरं काहीतरी आहे याचा आहे.

ढोलाभोवती बारीक पांढरी किनार राहते असंही तुम्ही लिहिलंय. ती मास्कची चूक नाही, चित्राची आहे. ढोलाचं मूळ चित्र पांढऱ्यावर मऊ कडेने काढलेलं होतं, त्यामुळे कडेच्या पिक्सेलमध्ये थोडा ढोल आणि थोडं पांढरं आधीच मिसळलंय. मास्क त्यांना आत घेतो. मास्क सगळ्या बाजूंनी एक पिक्सेल आक्रसून घ्या. एका बिटाच्या मास्कवर हे किती सुरेख होतं बघा: ओळ ००१११११०. ती एक घर डावीकडे सरकवली की ०१११११००, एक घर उजवीकडे सरकवली की ०००१११११. तिन्ही अँड करा: ०००१११००. दोन्ही कडांचा एकेक पिक्सेल गेला. वरच्या आणि खालच्या ओळीशीही तसाच अँड करा, झालं. नारायण पेठेतला लग्नपत्रिका छापणारा याच्या उलटं करतो, दोन रंग जाणूनबुजून किंचित एकमेकांवर चढवतो, म्हणजे कागद सरकला तरी मधून पांढरं डोकावत नाही. त्याचा त्रास तोच, फक्त दिशा वेगळी.

दोन गोष्टी पटकन सांगते. बीएमपी फाइलमधली प्रत्येक ओळ ४ बाइटच्या पटीत संपते. १०० पिक्सेल रुंदीच्या एक-बिट मास्कला खरं तर १३ बाइट पुरतात, पण ओळ १६ बाइटची असते. तुमचं कोड १३-१३ ने पुढे गेलं तर प्रत्येक ओळ २४ पिक्सेल सरकते आणि मास्क तिरका फाटलेला दिसतो. शिवाय ओळी सहसा खालून वर लावलेल्या असतात. दुसरं, २५६ रंगांच्या पॅलेटवाल्या चित्रावर (ज्याच्या पिक्सेलमध्ये रंग नसून रंगांच्या यादीतला क्रमांक असतो) अँड, ऑर लावले तर ते रंगांवर नाही, पॅलेटमधल्या क्रमांकांवर चालतात. क्रमांक ० काळा आणि २५५ पांढरा असेल तरच मास्क वाटतो तसा वागेल. शंका असेल तर आधी २४ बिटांत रूपांतर करून घ्या.

एक्सऑरबद्दल थोडं, कारण तुमचा ढोल सरकणारा आहे आणि मोह होईल. एक्सऑरने काढलेली गोष्ट पुन्हा एक्सऑर केली की पुसली जाते आणि खालचं चित्र जसंच्या तसं परत येतं: १८० एक्सऑर ९० म्हणजे २३८, २३८ एक्सऑर ९० म्हणजे १८०. नकाशाचा तुकडा वेगळा जपून ठेवायची गरज नाही. माउसने ओढून निवड करताना दिसणारा चौकोन वर्षानुवर्षं असाच काढला जायचा. विंडोजच्या कर्सरमध्येही अँड-मास्क आणि एक्सऑर-मास्क अशी जोडी असते: दोन्ही ० म्हणजे काळा, अँड ० आणि एक्सऑर १ म्हणजे पांढरा, अँड १ आणि एक्सऑर ० म्हणजे पारदर्शक, दोन्ही १ म्हणजे खालचा रंग उलटा. मजकुरातला उभा कर्सर पांढऱ्या कागदावर काळा आणि काळ्यावर पांढरा दिसतो तो या शेवटच्या जुळणीमुळे. पण हाच कर्सर मधल्या करड्यावर नेऊन बघा: १२८ एक्सऑर २५५ म्हणजे १२७. कर्सर दिसेनासा होतो. ढोलासाठी एक्सऑर वापरू नका, त्याचे रंग नकाशाप्रमाणे बदलत राहतील. नकाशाची एक मूळ प्रत ठेवा, प्रत्येक वेळी तिथला तुकडा परत लावा आणि मग ढोल बसवा.

आता तिसरा प्रश्न. अल्फा असताना हे कशाला? मऊ कडा, सावली, काच, धूर हवा असेल तर अल्फाच हवा, तिथे बिटवाइज मास्कला जागा नाही, कारण अर्धं असणं त्याला जमत नाही. तुमचा ढोल फोनच्या पडद्यावर सुबक दिसायला हवा असेल तर पीएनजीमधला अल्फा वापरा आणि निर्धास्त राहा. पण अल्फाचं सूत्र नीट बघा. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मांडलेल्या पद्धतीत चित्राचे रंग आधीच अल्फाने गुणलेले असतात. मग खालच्या चित्राला ‘१ वजा अल्फा’ने गुणायचं आणि वरचं चित्र मिळवायचं. गुणाकार म्हणजे पुसणं, बेरीज म्हणजे भरणं. अँडच्या जागी गुणाकार, ऑरच्या जागी बेरीज. जिथे अल्फा ० तिथे रंगही ०, ही तिथली अट म्हणजे ‘चित्र बाहेर सगळे-शून्य’ हीच आपली अट. कुणाच्या आयकॉनभोवती काळी किंवा पांढरी किनार आली की मी आजही पहिल्यांदा तेच विचारते: बाहेरचे रंग खरंच शून्य आहेत का?

आणि अल्फा जिथे पोहोचतच नाही अशा जागा कमी नाहीत. १२८ बाय ६४ चा छोटा ओएलईडी पडदा तुम्ही लॅबमध्ये वापरला असेल. त्याचं अख्खं चित्र १०२४ बाइटमध्ये मावतं आणि एका बाइटमध्ये एकाखाली एक असे आठ पिक्सेल बसतात. तिथे घड्याळाच्या आकड्यांवर बॅटरीचं चिन्ह बसवायचं तर अँड आणि ऑरच. खेळात दोन आकार खरंच एकमेकांना भिडले का हे बघायचं तर दोघांचे मास्क अँड करा, उत्तरात एकही बिट उरला तर भिडले. आणि मराठी अक्षरांच्या पाट्या. परवा हडपसरला सिग्नलला थांबले होते, समोरच्या दुकानाच्या सरकत्या पाटीवर ‘भ’ची शिरोरेषा डावीकडे नीट तुटलेली होती. कुणीतरी तो अँड लिहिलाय.

तुमच्या कोडमध्ये आज एकच ओळ वाढवा. मास्क वाचल्यानंतर त्यात कोणकोणत्या वेगवेगळ्या किंमती आहेत ते छापून बघा. ० आणि २५५ एवढ्याच आल्या तर नकाशा, ढोल आणि मास्क वर दिलेल्या एक्सऑरच्या सूत्रात घाला, ढोल लक्ष्मी रस्त्यावर नीट चालायला लागेल. तिसरी किंमत दिसली तर बाकीचं कोड उघडू नका, आधी मास्क दुरुस्त करा.